बाळ जमिनीवर ठेवल्याबाबत

मी खाली सही करणारी, वय ३१ वर्षे, धंदा शिक्षण (सेमिनरीत पाळक होण्याचा अभ्यासक्रम, चौथे व शेवटचे वर्ष), त्याआधी आठ वर्षे कापडगिरणीत तपासनीस, राहणार सेमिनरीच्या आवारातील महिला वसतिगृह, खोली क्रमांक ११. आज दिनांक १३ रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

वरील खोलीत मी दोन वर्षांपासून एका विद्यार्थिनीसोबत राहते. तिचा गळा गोड आहे म्हणून सगळे तिला मैना म्हणतात. ती मला ताई म्हणते. खोलीत दोन खाटा, दोन टेबले व एक कपाट आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात माझ्या गोळ्यांचा डबा असे.

मला एकोणिसाव्या वर्षापासून फिट येतात. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली की येत नाहीत. सेमिनरीत आल्यापासून एकदाच आली, कारण तापात दोन दिवस पोटात गोळी टिकली नव्हती. प्रवेशाच्या अर्जात 'काही आजार आहे काय' असा रकाना होता. त्यात मी 'नाही' लिहिले. खरे लिहिले असते तर दारातूनच परत पाठवले असते, कारण पाळकाला बाप्तिस्म्याच्या वेळी लोकांची मुले हातात घ्यावी लागतात. खोटे लिहिले हे कबूल आहे.

ती एक फिट मैनासमोर आली. आम्ही गच्चीवर धुणे वाळत घालत होतो, सकाळचे सात वाजले असतील. तिने माझे डोके मांडीवर घेतले, याबद्दल मी तिचे आभार मानले होते. कोणाला सांगणार नाही असे ती आपणहून म्हणाली. मी विश्वास ठेवला. गिरणीत आठ वर्षे काढलेल्या बाईला एवढी अक्कल असायला हवी होती.

वसतिगृहात रोज संध्याकाळी साडेसहाला प्रार्थना असते. तीत प्रत्येकीने प्रार्थनेचा एक विषय सांगायचा असतो. बाहेर ज्याला चहाडी म्हणतात ती आमच्याकडे डोळे मिटून केली की चालते. दिनांक ५ रोजी मैनाने 'माझ्या खोलीतल्या बहिणीच्या फिटा' प्रभूपुढे ठेवल्या. नाव घेतले नाही. खोलीत आम्ही दोघीच राहतो. प्राचार्य त्या दिवशी पहिल्या बाकावर होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्राचार्यांनी मला कार्यालयात बोलावले. बसा म्हणाले नाहीत. दीक्षा समितीची सभा २० तारखेला आहे व अशा आजाराच्या माणसाला पाळकपदाची दीक्षा देता येणार नाही, असे सांगून त्यांनी फाईल मिटली. या दीक्षेसाठी मी कायमची नोकरी सोडली होती. आई चार वर्षे माझ्याशी धड बोललेली नाही.

मैनाला वाईट वाटले, असे ती सांगते. तिने तीन दिवस उपास केला. दिनांक ९ रोजी प्रार्थनेत ती उभी राहिली आणि प्रभूने ताईंना बरे केले आहे, आपल्याला तसे स्पष्ट कळले आहे, असे तिने जाहीर केले. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर मला विचारले, "बहीण, हे खरे आहे का?"

मी आमेन म्हणाले.

कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. बऱ्या झालेल्या बाईला दीक्षा मिळते, आजारी बाईला मिळत नाही, हे मला त्या क्षणी नीट कळत होते. गोळ्या गुपचूप चालू ठेवू, कोणाला कळते आहे, असा विचार केला.

खोलीवर आले तर डबा रिकामा. मैनाने गोळ्या संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतले होते. डॉक्टरांची चिठ्ठी डब्यात होती, तीही गेली. विचारले तर म्हणाली, "आता कशाला लागतात, ताई? देवावर विश्वास नाही का तुमचा?" मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यावर तिने तिथेच माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली, तेव्हा मी तिला उशी फेकून मारली. इजा झाली नाही. मला वाईटही वाटले नाही. तिचा राग आला होता, आजही आहे.

आवाराबाहेर जायचे तर फाटकावरच्या वहीत कारण लिहून प्राचार्यांची सही घ्यावी लागते. दवाखाना असे लिहिले असते तर माझे बरे होणे तिथेच संपले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसे झाले. एकूण चार गोळ्या चुकल्या.

रविवारी, दिनांक ११ रोजी, आवारातील वायरमनच्या दोन महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. बाळ मी धरायचे, म्हणजे सगळ्यांना देवाचे काम दिसेल, असे प्राचार्यांनी आदल्या दिवशी सांगितले. पोट दुखते म्हणाले असते तरी सुटले असते. मी हो म्हणाले.

सकाळी ९.४० वाजता प्रार्थनामंदिरात बाळाच्या आईने ते माझ्या हातात दिले. फिट येण्याआधी मला जळक्या कापडाचा वास येतो. त्यानंतर दहा-पंधरा सेकंद मिळतात. तो वास आला. प्राचार्यांचे दोन्ही हात पुस्तकात गुंतलेले होते, बाळाची आई वेदीपुढच्या कठड्यापलीकडे होती. मी "धरा" म्हणाले. मैनाचे गाणे चालू होते, कोणाला ऐकू गेले नसावे. मी गुडघ्यांवर बसले, बाळाची पाठ गालिच्यावर टेकवली, डोक्याखालचा हात शेवटी काढला आणि माझे हातपाय लागू नयेत म्हणून तिला दोन्ही हातांनी लांब सरकवले. त्यापुढचे आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती. वायरमन माझ्यापाशी उभा होता. एरवी तो मला बाई म्हणतो. त्या दिवशी म्हणाला, "माझी पोर फेकलीस तू?"

बाळाला इजा नाही, असे दवाखान्यातून समजले. मी दोनदा विचारून घेतले.

काल दुपारी प्राचार्य व मैना एक टाईप केलेला कागद घेऊन खोलीवर आले. गालिच्याच्या घडीत पाय अडकून मी पडले, मला कोणताही आजार नाही, असे त्यात होते. सही केली तर २० तारखेला काही अडचण येणार नाही, आणि वायरमन सेमिनरीच्या क्वार्टरमध्ये राहतो, तो ठाण्यात दिलेली तक्रार मागे घेईल, असे प्राचार्य म्हणाले. पेन मैनाने पुढे केले. मी सही केली नाही. कागद सोबत जोडला आहे.

विचारले असता सांगते की, गालिच्याला घडी नव्हती. बाळ फेकले नाही, ठेवले. परंतु चार गोळ्या चुकलेल्या असताना, काय होऊ शकते हे पुरते माहीत असताना, मी ते हातात घेतले. वायरमनची तक्रार रास्त आहे. तो तक्रारीवर ठाम राहिला तर त्याचे क्वार्टर काढून घेऊ नये.

मैनाविरुद्ध तक्रार आहे काय असे विचारले असता सांगते की, आहे, गोळ्या टाकल्याबद्दल. आमेन तिने म्हणायला लावले नव्हते.

मला आजार आहे व तो बरा झालेला नाही. या जबाबाची एक प्रत २० तारखेच्या आत दीक्षा समितीला मिळावी. ती प्राचार्यांच्या हाती देऊ नये.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे व खरा आहे.

सही