शेवटचं पान

नाही, पण तू दार का लावलंस? उघडंच राहू दे. आणि ती फाईल टेबलावर ठेव, मांडीवर नको. ताईनं पाठवलं ना तुला? बघ, मान हलवलीस. मला वाटलंच. पेपर सुटून तासही झाला नाही आणि मौनीबाबा दारात हजर — एरवी कधी जेवायलाही हाक मारत नाहीस!

काय म्हणाली ती? रडली? — नको, सांगू नकोस. संख्याशास्त्र माझ्याकडे होतं, मान्य. ठरलंच होतं तसं — सहा विषय, त्यात मागच्या वर्षाचे दोन उरावर, तास एकमेकांवर आदळणारे, कुणाच्या बापाला जमणार? म्हणून तू, मी आणि सगळ्या वर्गाची ही ताई, अशा तिघांनी दोन-दोन विषयांच्या तासांना बसायचं आणि तिघांसाठी नोट्स काढायच्या. युक्ती कुणाची? माझीच. पण म्हणून काय डोळे मिटून बसायचं? ताईच्या कामगार कायद्याच्या नोट्स आल्या — तर पाचव्या प्रकरणानंतर थेट सातवं! सहावं कुठं गेलं? विचारलं का मी? छे. विचारलं की माणूस सावध होतो. आणि तिचं ते गोड बोलणं, ‘तू नीट जेवतोस ना रे?’ — असं उगाच कोण विचारतं? तुझ्याही नोट्स मी आधी हातात तोलून बघायचो, हसू नकोस.

मग मीही घेतली काळजी. काळजीच म्हणायची. संख्याशास्त्राच्या नोट्स देताना प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं पान ठेवून घेतलं. एकच पान! जशास तसं. — असा बघू नकोस. तुझाही गेला असेल आजचा तो प्रश्न, पण तू काठावर नाहीस. वीस मार्कांचं नेमकं त्याच पानावरचं येईल, हे काय मला स्वप्न पडलं होतं? ती माझ्या पुढच्याच बाकावर होती. पेन खाली ठेवलं, पिशवी उचलली आणि अर्ध्या वेळात उठून गेली. तिचा हा शेवटचा चान्स, माहितेय मला — पोरीला सासूकडे ठेवून येते, दोनदा नापास झालीय, आता गेली तर नाव कमी करणार. माहितेय! सगळं माहितेय.

आणि ते सहावं प्रकरण... अभ्यासक्रमातून काढलंय. सरांनीच सांगितलं, परवा. परवा म्हणजे — हो, पेपरच्या आधी. तेव्हा देता आली असती पानं. पण देताना काय सांगणार होतो? इतके दिवस कुठं होती म्हणून?

बरं, आण ती फाईल इकडे. हे काय, उद्याच्या कायद्याच्या पेपरची उजळणी? तिनं काढली? आज? — म्हणजे उठून गेली ती वाचनालयात जाऊन हे लिहीत बसली? थांब, पानं मोजू दे. सात, आठ, नऊ. नऊच. तिनं आकडेही घातलेत. आणि इथं खाली पेन्सिलीनं — ‘कलमं तुझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलीत.’

तिला कळलंय का रे? त्या पानांचं? — मान तरी हलव ना. मघाशी हलवलीस तशी.

जा तू. फाईल राहू दे. आणि आता लाव ते दार.