एकाच किमतीत मोठं माप

नाही हो हिलालभाऊ, सायकल माझी नाही, मघाशीच सांगितलं ना — मित्राची आहे, तो लाजतो, म्हणून मी घेऊन आलो. अडाजणला सायकलदुरुस्तीची दुकानं नाहीत का, म्हणता? आहेत की, ढीगभर आहेत — पण तिथं आमच्या, म्हणजे त्याच्या, सोसायटीतलं कोणी ना कोणी टपकतंच. म्हटलं टेम्पोत घालून शहराच्या या टोकाला, नवागामला न्यावी, इथं कोण ओळखतं आपल्याला? बायको इथल्याच शाळेत शिकवते, ते खरं, पण शनिवारी तिची शाळा बाराला सुटते. म्हणून तर दोन वाजता आलो.

बिघडलंय काय? काहीच नाही! जॉमेट्री आहे ही, जॉमेट्री! हा पुढचा पाइप बघा, कसा उभा आहे — त्यामुळे हँडल जरा हललं की सायकल वळलीच. तुमच्या त्या काळ्या सायकलीचा पाइप तिरका, चाक पुढं पसरलेलं — मागं साड्यांचे गठ्ठे बांधा, हँडल सोडून तंबाखू मळा, ती आपली नाकासमोर चालणार. ही तशी नाही, ही चपळ. दोन्ही चाकं जवळजवळ, म्हणून खड्डा आला की थेट मणक्यात, पण चपळ! आडवी दांडी लांब, म्हणजे माणूस ओणवा होतो आणि वारा पाठीवरून जातो. मान दुखते, पण वारा जातो. कॅरिअर? कॅरिअरला भोकंच ठेवलेली नाहीत, भाजीची पिशवी गळ्यात अडकवायची. चार महिने मोबाइलवर हेच बघतोय मी — विम्यात छत्तीस वर्षं काढलीत, वाचल्याशिवाय सही करत नाही कशावर.

माप? हां, माप — मोठं आहे जरा. त्याचं काय झालं, दुकानात तीन मापं होती आणि तिन्हींची किंमत एकच! आता मला सांगा, त्याच किमतीत मोठी मिळत असताना लहान कोण घेईल? आमच्याकडे मुलांचे शर्टसुद्धा कायम दोन नंबर मोठेच आणले. हसताय काय? बासष्टाव्या वर्षी पाय वाढत नाहीत, एवढं कळतं मला. म्हणजे त्याला. मित्राला. सीटवर बसलं की बोटंसुद्धा जमिनीला टेकत नाहीत, आणि उतरायला जावं तर मध्ये ती दांडी — जाऊ द्या. सिग्नलला थांबायचं तर विजेचा खांब शोधायचा. मंगळवारी एकदा धीर करून बसलो, तर खांब मिळाला नाही, हा बघा माझा गुडघा.

बरं, माझीच आहे. झालं समाधान?

आता खरी अडचण ऐका. उद्या सकाळी सहाला आमच्या मंडळाची सायकलफेरी आहे, डुमसच्या समुद्रापर्यंत, चाळीस जण, आणि सगळ्यांच्या पुढं मी — कारण चार महिने ग्रुपवर आकृत्या काढून मीच सगळ्यांचं डोकं खाल्लंय. शिवाय रोज सकाळी वीस किलोमीटर जातो — म्हणजे, ढकलत नदीकाठी नेतो, बाकाला टेकवतो, तासभर बसतो, तोंडावर पाणी मारतो आणि घरी येतो. दारात बायको, रजनी, लिंबूपाणी घेऊन उभी. किती दमलात, म्हणते. ते लिंबूपाणी मी फुकटचं पितो हो! उद्या झेंडी तीच दाखवणार. लोक हसले तर हसू देत, पण तिला कळलं की मी चार महिने बाकावर बसून होतो, तर मी कुठं तोंड दाखवू?

दांडी कापून खाली नाही का आणता येत? नाही? मोडेल? मग ती द्या ना, भिंतीला लावलेली, आकाशी रंगाची. लेडीज आहे तर असू द्या, बिनदांडीची, मला आता सगळं चालेल. सीट दोन बोटं वर घ्या, नाक्यापर्यंत एक चक्कर मारून येतो.

अहो हिलालभाऊ! पाय टेकतो की! तंगडी वर न करता बसलो, पाठ सरळ, हँडल आपणहून हातात येतं — म्हशीला वळसा घालून आलो, घंटी वाजवून! मूर्ख आहे मी, महामूर्ख. गेल्या वर्षी रजनीनं अशीच मागितली होती, तर मी तासभर व्याख्यान दिलं — दांडी नसली की सांगाडा लवचतो, जोर वाया जातो, आणि या वयात तुला शोभेल का. बिचारीनं पुन्हा विषय नाही काढला.

कोणाची आहे? उद्यापुरती देतील? शाळेतल्या बाईंची? बसनं येतात, इथून सायकल घेतात, शाळा सुटली की परत तुमच्याकडं लावून जातात — वर्षभर? घरी नेत का नाहीत? घरी चालत नाही म्हणाल्या? राहतात कुठं त्या?

अडाजणला.

नाव नका सांगू. कळलं. आमचीच रजनी.

पडली का हो कधी? एकदाही नाही? आणि चालवताना — खुशीत असते का? गुणगुणते? घरी तर कधी ऐकलं नाही मी.

नको, उद्या मला नको ही. सीट खाली घ्या. आणखी थोडी. होती तिथंच ठेवा, नाहीतर सोमवारी तिला जड जाईल. मी आलो होतो म्हणून सांगू नका — नाही, सांगा. नाही, थांबा, मीच सांगतो तिला, आज घरी गेल्यावर, सगळं, बाकासकट. तुम्ही सीट तेवढी खाली घ्या.