सव्वापाच डुकरं

(अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. कॅनडाच्या सीमेवरचं माळरान. नोव्हेंबर १८०८, सकाळ.)

केझाया : म्हणजे मी डुकरं पलीकडे नेताना सापडले, तर अर्धी सरकारची. आणि उरलेल्या अर्ध्यात जकातसाहेब आणि तू.

असाहेल : नियम आहे वहिनी. मी केलेला नाही.

केझाया : अरे, तक्रार कुठे करतेय, हिशेब करतेय. डुकरामागे तुला पाव डुक्कर. एकवीस डुकरं. म्हणजे सव्वापाच डुकरं होतात तुझी, असाहेल! मला एवढंच सांग, ते वरचं पाव कुठून कापणार? पुढून की मागून?

असाहेल : थट्टा नको. मी कामावर आहे.

केझाया : मीही कामावरच आहे. पायमोजा विणतेय.

असाहेल : सीमेच्या दगडापासून वीस पावलांवर?

केझाया : ऊन इथे चांगलं पडतं.

असाहेल : बसा मग. तुमची काठी माझ्याजवळ आहे, कुत्रा तिकडे बांधलाय. डुकरं चरताहेत तोवर चरू देत, चरायला बंदी नाही. पण हाकलायची नाहीत, ढकलायची नाहीत, आणि हाक मारायची नाही.

केझाया : बोलायचं?

असाहेल : बोला. तुमचं बोलणं बंद करायचा हुकूम वॉशिंग्टनहून अजून निघायचाय.

केझाया : बघ, जमतं की तुलाही! आता जरा समजावून सांग. समुद्रावर इंग्रज आणि फ्रेंच आपली जहाजं अडवतात. बरोबर?

असाहेल : बरोबर.

केझाया : म्हणून आपल्या अध्यक्षांनी, जेफरसनसाहेबांनी, ठरवलं की ती आपणच अडवायची.

असाहेल : तसं नाही हो. आपला माल बाहेर गेला नाही, की ते आपोआप ताळ्यावर येतील.

केझाया : कोण? इंग्लंडचा राजा? माझ्या डुकरांवाचून?

असाहेल : एकट्या तुमच्या नव्हे. सगळ्या देशाच्या.

केझाया : माझ्या डुकरांनी समुद्र पाहिलेला नाही, असाहेल. माझ्या नवऱ्यानंही पाहिला नव्हता. बिचारा मरेपर्यंत समजत होता की आपला तलावच पुढे जाऊन समुद्र होतो.

असाहेल : मार्चमध्ये साहेबांची मुदत संपतेय. नवे अध्यक्ष येतील, काहीतरी मार्ग निघेल. तोवर धीर धरा.

केझाया : मी धरते. डुकरांना तू सांग. यंदा रानात डुकरं ज्यांची फळं खातात त्या बीचच्या झाडांना फळ धरलं नाही. घरात मका आहे तो तीन आठवड्यांचा. पुढे बर्फ.

असाहेल : कापून खारवून ठेवा.

केझाया : मीठ कुठलं? मीठ दरवर्षी पलीकडून येतं. टॅमसिनचा नवरा देतो, डुकरांच्या बदल्यात. टॅमसिन माझी सख्खी बहीण आहे, पण तिचा नवरा काही सख्खा नाही. फुकट चिमूटभर द्यायचा नाही तो. ही एकवीस तिकडे गेली नाहीत, तर ख्रिसमसपर्यंत माझ्या दारात मरतील, आणि त्यांच्यामागून माझी पाळी.

असाहेल : मला कळत नाही का वहिनी? माझ्या परसात चाळीस पिंपं रिकामी पडलीत. पिंपात भरायला माल नाही, माल न्यायला वाट नाही. पिंपं करणाऱ्याला कोण विचारतो आता?

केझाया : म्हणजे जेफरसनसाहेबांच्या कागदानं तुझा धंदा बसवला, आणि त्याच कागदाच्या पहाऱ्यावर तुलाच उभं केलं.

असाहेल : घरी लिडियाला आठवा महिना लागलाय. मिळालं ते धरलं.

केझाया : हं. किती दिवस झाले?

असाहेल : सहा आठवडे. एक कोंबडीसुद्धा पकडली नाही. जकातसाहेब म्हणाले, शनिवारपर्यंत काहीतरी पकडून आण, नाहीतर बंदूक जमा कर.

केझाया : म्हणून आज माझ्या राशीला आलास.

असाहेल : काय करू, एकवीस डुकरं लांबूनही दिसतात.

पलीकडून आवाज : यूऽऽऽई! यूऽऽऽई! या गं बायांनो! यूऽऽऽई!

असाहेल : वहिनी! हाक मारायची नाही म्हटलं होतं!

केझाया : मी? तुझ्या पुढ्यात बसलेय. माझे ओठ हलले?

असाहेल : आवाज तुमचा आहे.

केझाया : टॅमसिनचा आहे. आमच्या आईनं दोघींना एकच हाक शिकवली. नवरे वेगळे झाले, देश वेगळे झाले, हाक तेवढी तीच राहिली. आणि माझी डुकरं जन्मापासून त्याच हाकेवर जेवतात.

असाहेल : सगळ्यांनी माना वर केल्या... ए! हट्! मागे! मागे व्हा!

केझाया : हाकलू नकोस हं. बंदी आहे.

असाहेल : मी इकडे हाकलतोय!

केझाया : तू असा हात पसरून ओरडलास, की ती दोन्ही बाजूंनी पळणार. आत्ता पळताहेत तशी.

असाहेल : टॅमसिनबाई! ओ टॅमसिनबाई! हाक बंद करा! अमेरिकेच्या अध्यक्षांचा हुकूम आहे!

टॅमसिन : अय्या! त्यांचा हुकूम इकडे कधीपासून चालायला लागला? मी माझ्या अंगणात माझ्या डुकरांना जेवायला बोलावतेय. चार पाहुणी जास्त आली तर उपाशी ठेवू का? यूऽऽऽई!

असाहेल : गेली. शेवटचं तर माझ्या तंगड्यांमधून गेलं.

केझाया : हातात बंदूक होती की.

असाहेल : डुकरावर झाडू? ते काय नेपोलियन आहे?

टॅमसिन : एकवीस! सगळी पोचली गं, केझाया!

केझाया : आता सांग, गुन्हा कुणाचा? मी हाकलली नाहीत. ती ओरडली ती तिच्या राजाच्या मुलखात. डुकरं गेली आपल्या पायांनी. कलम लावतोस कुणावर? आँ? अ... अगं बाई!

असाहेल : आता काय?

केझाया : डेबोरा! असाहेल, डेबोरा येतेय!

असाहेल : कोण डेबोरा?

केझाया : माझी गाभण डुकरीण! गोठ्यात कोंडून आले होते. हाक ऐकून दार मोडलं वाटतं मेलीनं! असाहेल, अडव तिला!

असाहेल : मी अडवू?

केझाया : पुढच्या वर्षाची सगळी डुकरं तिच्या पोटात आहेत! पलीकडे गेली तर टॅमसिनचा नवरा परत द्यायचा नाही. मिठाच्या हिशेबात जिरवेल तिला!

असाहेल : मग तुम्ही हाक मारा की. तुमचं ऐकते ना?

केझाया : मी हाक मारली तर ती एकवीसही परत येतील!

असाहेल : अरे वा! मग तर मारायलाच हवी.

केझाया : असाहेल, हात जोडते!

असाहेल : म्हणजे सरकारी माणसानं डुकरीण सीमेवर अडवावी, अशी तुमची रीतसर मागणी आहे?

केझाया : आहे! आहे! धाव मेल्या!

असाहेल : ये... ये बाई... कान आला हातात... देवा रे, केवढा हा चिखल!

केझाया : सोडू नकोस!

असाहेल : मी कुठला सोडतोय, तीच मला ओढतेय!

केझाया : मागचा पाय धर! मागचा!

टॅमसिन : केझाया, तो डुकरिणीवर कोण बसलाय गं?

केझाया : सरकार आहे! तू आधी तोंड मिट!

असाहेल : धरली. धरली वहिनी. हलत नाही आता.

केझाया : लागलं का रे?

असाहेल : विजार फाटली. बंदूक कुठे पडली?

केझाया : ती काय, डबक्यात.

असाहेल : राहू दे. वहिनी, जरा इकडे बघा. हिचे पुढचे दोन पाय दगडाच्या पलीकडे आहेत.

केझाया : आहेत.

असाहेल : म्हणजे सीमा ओलांडताना सापडली. सहा आठवड्यांत पहिली.

केझाया : हो.

असाहेल : मग आता हिचं काय करायचं?

केझाया : मी काय सांगू? धरलीस तू. धर म्हणाले मी.

असाहेल : शनिवारी हिला घेऊन गेलो, तर उन्हाळ्यापर्यंत माझी चाकरी पक्की.

केझाया : लिडियाचे दिवस भरत आलेत. नेलीस तरी मी गावात तुला नावं नाही ठेवणार.

असाहेल : ही कधी विणार?

केझाया : जानेवारीत. मागच्या खेपेला नऊ झाली होती.

असाहेल : दोर आहे का?

केझाया : कुत्र्याचा आहे. थांब, सोडून आणते. हा घे.

असाहेल : हं. चला डेबोराबाई, मागे. अजून एक पाऊल. अस्सं. आता चारही पाय आपल्याकडे. धरा हा दोर.

केझाया : अरे, पण...

असाहेल : धरा लवकर. फार वेळ विचार केला तर माझा हात सुटायचा नाही.

केझाया : असाहेल, व्याली की पहिली दोन पिल्लं तुझी.

असाहेल : मी नको म्हणालो म्हणून लिडियाला सांगा. मग ती स्वतः येऊन घेऊन जाईल.

केझाया : टॅमसिनला डुकरं मिळाली. मला मीठ मिळेल, आणि डेबोराही राहिली. साहेबांच्या हुकुमालाही धक्का नाही, कागदावर होता तसाच आहे. मग या सगळ्याची किंमत भरली कुणी रे?

असाहेल : चला, ऊन वर आलं.

केझाया : शनिवारी विचारतील, सहा आठवड्यांत काय अडवलंस?

असाहेल : सांगेन, एक डुकरीण.

केझाया : कुठे आहे म्हणतील.

असाहेल : घरी गेली म्हणेन.

केझाया : आणि मग?

असाहेल : मग मीही घरी जाईन.