सातवा फर्मा

शहजादी : सगळ्यांसमोर, अहो! सहा आया बसल्या होत्या बाकांवर, आणि मराठीच्या बाई मला विचारतात, "मथुराच्या गिरणीत बिबट्या कुठून आला?" काय सांगणार होते मी?

रज्जाक : सांगायचं, वही मुलीची आहे, मुलीला विचारा.

शहजादी : तुम्ही आधी ती खळ ढवळणं थांबवा.

रज्जाक : खळ थांबत नाही, गुठळ्या होतात. तू बोल, मला कान आहेत. कोण ही मथुरा?

शहजादी : घ्या! बाप बुधवार पेठेत पुस्तकं बांधतो आणि पोरीचं पुस्तक कुठलं ते ठाऊक नाही. नववीच्या मुलांना एकेक कादंबरी दिलीय. वाचायची आणि वाचनवही लिहायची. सकीनाच्या वाट्याला आलेली फाटकी होती, तुम्हीच नाही का उसवून नव्यानं बांधून दिलीत? मथुराचा नवरा वारतो, ती पिठाची गिरणी चालवते, दीर गिरणी विकायला टपलेला. ती.

रज्जाक : हां, ती. आणि बिबट्या?

सकीना : आहे अब्बा. मचाणाखाली येतो.

रज्जाक : पिठाच्या गिरणीत मचाण.

शहजादी : मलाही जरा विचित्रच वाटलं. पण मोठे लेखक लिहितात असं मध्येच काहीतरी. प्रतीक असतं ते. मागच्या वेळी बाईंनीच लाल शाईत लिहिलं होतं, 'प्रतीकांचा विचार करावा.' मग केला विचार.

रज्जाक : कोणी केला?

शहजादी : ...आम्ही.

सकीना : "बिबट्या म्हणजे मथुराची गरिबी. ती दबक्या पावलांनी येते. साहेबाच्या हातातली बंदूक म्हणजे शिक्षण." दीड पान आहे, अब्बा. शेवटी गरिबी दिराला खाऊन टाकते.

रज्जाक : दिराला कशाला?

शहजादी : कारण पुढच्या पानांत दीर कुठं दिसतच नाही! मग गेला कुठं तो?

रज्जाक : बिबट्याच्या पोटात. बरोबर आहे. बाईंनी मार्क कापायला नको होते.

शहजादी : हसा. तुमचं काय जातंय? दोन आया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यातल्या एकीचा नवरा मुलाची अख्खी वही ऑफिसातून छापून आणतो. तिला कोणी विचारत नाही. मी पाच-पाच तास डोकं फोडलं, तर मला बिबट्या!

रज्जाक : सकीना, पुस्तक आहे दप्तरात? आण इकडं. बिबट्या कितव्या पानावर येतो?

सकीना : सत्त्याण्णव.

रज्जाक : आणि जातो?

सकीना : एकशे बाराला. एकशे तेरावर मथुरा गिरणीचा पट्टा बदलतेय.

रज्जाक : सोळा पानं. या अल्ला.

(रज्जाक चिमटीत धरून पुस्तकाची शिलाई उघडून पाहतो.)

शहजादी : काय झालं? चेहरा का पडला तुमचा?

रज्जाक : फर्मा चुकलाय. सोळा पानांचा एक फर्मा, असे बारा-चौदा फर्मे रचले की पुस्तक होतं. त्या आठवड्यात श्रीनिवासरावांच्या वाचनालयाचं शिकारीचं पुस्तक पण उसवलं होतं. आकार एकच, कागद तसाच पिवळा. ह्याचा सातवा फर्मा त्यात, त्याचा सातवा ह्यात. आकडे जुळले, म्हणून मी खाली वाचलंच नाही. शहाण्णवनंतर सत्त्याण्णव आलं की बांधणारा डोळे मिटतो.

शहजादी : म्हणजे चूक तुमची!

रज्जाक : माझीच. तीस वर्षांत पहिली.

शहजादी : आणि मी मेली तिथं मान खाली घालून उभी! चल गं सकीना, ऊठ. बाई अजून शाळेतच असतील. बाईंना हे पुस्तक दाखवते. म्हणावं, बघा, आमच्याकडून काही चुकलं नाही.

सकीना : मी नाही येणार.

शहजादी : का?

सकीना : बाई म्हणतील, वाचलं असतंस तर कळलं नसतं का तुला?

शहजादी : कसं कळणार? पानांचे आकडे बरोबर होते, आत्ताच अब्बा म्हणाले ना!

सकीना : मला कळलं होतं, अम्मी.

शहजादी : काय?

सकीना : तू चपात्या लाटत होतीस. मी पुस्तक घेऊन आले आणि म्हटलं, हे दुसरंच काहीतरी आहे, यात मथुराचं नावच नाही. तू म्हणालीस, "शब्द अवघड आले की तुला दुसरंच पुस्तक वाटतं. ठेव तिथं, मी सांगते काय ते."

शहजादी : म्हणाले असेन. वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

सकीना : वही कायम दुसऱ्या दिवशीच द्यायची असते. तू सांगतेस, मी लिहिते. परवा बाईंनी विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, मग सोमवारी वर्गासमोर उभी राहा आणि वही न घेता सगळी गोष्ट सांग. नाही आली तर वाचनाचे सगळे मार्क शून्य, आणि निकालावर शेरा.

रज्जाक : कसला शेरा?

सकीना : 'स्वतः वाचत नाही.'

शहजादी : त्यात काय एवढं? आजपासून बसू दोघी. मी तुला मुद्दे काढून देते, तू पाठ कर. सुरुवात अशी करायची—

सकीना : अम्मी!

शहजादी : ओरडू नकोस. मदतच करतेय ना?

सकीना : नको मदत. तू मदत केलीस की माझं वाचायचंच राहतं. मी तिसऱ्या पानावर असते आणि तू शेवट सांगून मोकळी होतेस. गेल्या वेळचं पुस्तक मला आवडत होतं. मी अर्ध्यावर होते. तू येऊन म्हणालीस, म्हातारा मरतो, लिही.

शहजादी : मरतोच तो!

सकीना : माहितीय आता!

रज्जाक : हळू. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे, त्याला वाटेल इथं खरंच बिबट्या शिरलाय.

शहजादी : तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय कळणार? मी सातवीपर्यंत उर्दू शाळेत. लग्न होऊन आले तेव्हा ह्या दुकानावरची पाटी वाचता येत नव्हती मला. ह्याच फळकुटावर बसून, तुमची उसवलेली पुस्तकं लावून लावून मराठी शिकले. मला सांगायला कोणी नव्हतं. म्हटलं, पोरीला तरी कोणी असावं.

रज्जाक : सांगायला कोणी नव्हतं म्हणूनच शिकलीस.

शहजादी : टोमणे नकोत.

रज्जाक : टोमणा नाही मारला. अर्ध्या पुस्तकांचे शेवट तुला मिळायचे नाहीत, गिऱ्हाईक घेऊन जायचं. तू दोन-दोन दिवस चरफडायचीस. आठवतं? मला विचारायचीस, त्या बाईचं पुढं काय झालं असेल हो? मला काय माहीत, मी पुठ्ठे कापत होतो. मग भाजी चिरता चिरता तूच काहीतरी शेवट रचायचीस.

शहजादी : हो. आणि बरे असायचे माझे शेवट.

सकीना : मग माझ्या वहीत का लिहितेस?

शहजादी : ...बाईंनी 'छान' लिहिलं होतं. दोनदा. खाली रेघ मारून. तुम्हाला हसू येईल, पण मी ते पान तीन वेळा काढून बघितलं. मला आजवर कोणी 'छान' लिहून दिलं नव्हतं.

सकीना : मला पण नाही, अम्मी.

रज्जाक : घ्या आता.

शहजादी : तुला कसं नाही? वही तुझीच ना... अगं, रडतेस काय? सकीना. इकडं बघ. मी काय मुद्दाम केलं का?

सकीना : मला माहितीय मुद्दाम नाही केलंस. म्हणून तर वर्गात बाईंना खरं सांगता नाही आलं.

रज्जाक : ती फडताळातली लाल कापडाची बांधणी काढ गं. शिकारीचं. अजून पोचवलं नाही, नशीब. नाहीतर श्रीनिवासराव चष्मा पुसून पुसून विचारत बसले असते, साहेब बंदूक टाकून ज्वारी का दळायला लागला.

सकीना : हे घ्या.

रज्जाक : हं. सत्त्याण्णव ते एकशे बारा. बघ, पहिल्याच ओळीत मथुरा आहे. हा तुमचा खरा सातवा फर्मा.

शहजादी : द्या, मी जरा नजर टाकते.

रज्जाक : तुला नाही.

शहजादी : नुसती नजर हो! अवघड शब्द असतील. गिरणीच्या दगडाला टाकी लावून खाचा पाडणं म्हणजे काय, तिला कुठून कळणार?

सकीना : अडलं की विचारीन.

शहजादी : मग विचार हं. नाहीतर अडून बसशील, आणि सोमवार आला की—

सकीना : अम्मी, प्लीज.

शहजादी : बरं बाई. हे बघ, तोंडावर हात ठेवला. आणि सोमवारी नाही जमलं तर?

सकीना : तर शेरा मिळेल. माझा असेल.

रज्जाक : बस त्या स्टुलावर, उजेड तिथं बरा आहे. पानं सुटी आहेत, सांभाळून. वाचून झाली की शिवून देतो. या वेळी वाचून शिवतो.

शहजादी : अहो, किती हळू वाचते ही. मघापासून एकच पान.

रज्जाक : तिकडं बघू नकोस. हा ब्रश धर, खळ लाव.

शहजादी : लावतेय... सकीना, एवढंच सांग. दिराचं नक्की काय झालं? गेला कुठं तो?

सकीना : थांब ना अम्मी. मी अजून तिथं पोचले नाही.