दीड मिनिटात सुरू

भावजी : ...म्हणजे सुरू व्हायला अकरा मिनिटं, एक फाइल उघडायला तीन, आणि मधेच अडकला की बंद करून पुन्हा अकरा. वहिनी, दिवसाकाठी तुझा पाऊण तास हा संगणक खातो. साफसफाई केली की तो तुला परत.

वहिनी : पाऊण तासाचं नंतर बघू. मला आज सहापर्यंत हा चालता हवाय. शाळेला गणिताचे वीस पाठ पाठवायचेत. ते बघून मुलाखतीला बोलावायचं की नाही ते ठरवणार.

भावजी : शाळा? नऊ वर्षांनी? दादा काय म्हणाला?

वहिनी : नोकरी लागली की सांगेन. आधी सांगितलं तर ते प्रत्येक पाठ मोठ्याने वाचणार, मग मत देणार, मग ते मत लिहून काढणार.

भावजी : आणि त्याच्या चार प्रती ठेवणार.

वहिनी : तुम्ही हसा. तुम्ही वेगळे राहता.

भावजी : बरं, आधी हे झाकण काढू. बाप रे, पंख्यावर धुळीची गोधडीच आहे. ब्रश दे जरा. रोज पुसत नाहीस का?

वहिनी : पुसते की. बाहेरून.

भावजी : आता आतलं. सुरू होताना याच्या डोक्यावर एकोणीस प्रोग्रॅम बसतात. हा प्रिंटर कुठला?

वहिनी : तो मोडीत जाऊन सहा वर्षं झाली.

भावजी : याला कुणी कळवलं नाही. रोज उठून शोधत बसतोय बिचारा. आणि हे फोटो, चौदा हजार? हा एकच डोंगर चार वेळा आहे.

वहिनी : त्यांच्या कशालाही हात लावू नका. जाताना दोनदा बजावून गेलेत.

भावजी : अकरा वर्षांची विजेची बिलं?

वहिनी : तीही राहू देत.

भावजी : मग मी काढू काय? तुझं काही?

वहिनी : माझं सुरक्षित जागी आहे. या घरात कुणी डोकावत नाही अशा. तुम्ही तो बाकीचा केरकचरा काढा, मी कपडे वाळत घालून येते. तीन आठवडे दुपारी पाठ टेकली नाही, आता उभ्या उभ्या झोप येतेय.

(संगणक बंद होतो. पुन्हा सुरू होतो.)

भावजी : ये, बघ. घड्याळ लावून दीड मिनिट.

वहिनी : खरंच की. सरका, पाठ काढते... भावजी, हा स्क्रीनवरचा कचऱ्याचा डबा रिकामा कसा?

भावजी : मीच केला. मग डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडेही एकत्र लावून घेतले.

वहिनी : त्यात माझे पाठ होते.

भावजी : कचऱ्यात?

वहिनी : तुमचे दादा दर रविवारी सगळे फोल्डर तपासतात, हलवतात, नावं बदलतात. डब्यात तेवढं बघत नाहीत, कारण त्यांनी कधी काही टाकलेलंच नसतं. रोज दुपारी पाठ बाहेर काढायचे, लिहायचे, ते यायच्या आत परत टाकायचे.

भावजी : मीही तोच विचार केला. दादा काही टाकत नाही, मग बघायचं कशाला.

वहिनी : परत येतील?

भावजी : नुसता रिकामा केला असता तर आले असते. पण नंतर तुकडे लावले ना, त्यांच्या जागेवर दुसरं काहीतरी जाऊन बसलं असणार. थांब, एक प्रयत्न करतो... नावं दिसतायत. वीसच्या वीस. आत मात्र अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी.

वहिनी : उघडून दाखवू नका.

भावजी : दादाला मी सांगतो. चूक माझी आहे.

वहिनी : काय सांगणार? तुझ्यापासून लपवलेलं मी हरवलं म्हणून? वाजले किती?

भावजी : चार वीस.

वहिनी : मग बसा तिथेच. मी सांगते, तुम्ही टाइप करा, तुमची बोटं झरझर चालतात. पहिला पाठ, अपूर्णांक. प्रत्येक मुलाला एक कागद द्यायचा. फाडायचा नाही, फक्त घडी घालायची. लिहिलंत?

भावजी : लिहिलं. पुढे?

वहिनी : थांबा. काल इथे एक छान प्रश्न सुचला होता... जाऊ दे. एक घडी घातली की किती भाग झाले, ते विचारायचं.

भावजी : हं.

वहिनी : सगळी मुलं बोलेपर्यंत उत्तर सांगायचं नाही. हे वेगळ्या ओळीत घ्या.

भावजी : ...वहिनी, सहाला पाच कमी. चारच झाले.

वहिनी : पाठवा.

भावजी : वीसच्या जागी चार? खाली दोन ओळी लिहू का, की बाकीचे—

वहिनी : नको. वही घरी राहिली, हे मी शिकवत होते तेव्हा सात वर्षं मुलांकडून ऐकलंय. पाठवा तसेच.

भावजी : गेले.

वहिनी : आता हे सगळं बंद करा. जिन्यात त्यांची पावलं वाजतायत.

दादा : अरे, तू अजून इथेच? झाला का दुरुस्त?

भावजी : दीड मिनिटात सुरू होतो.

दादा : छान. म्हणत होतो ना मी हिला, उगाच नवा कशाला. माझं काही गेलं नाही ना रे त्यातलं?

वहिनी : नाही. तुमचं काहीच गेलं नाही.