निशिगंधाचे नवे नाव

यमुनाबाई परक्यांच्या बोलण्याला कान देणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण घाटंजीच्या बसस्थानकावर शेजारच्या बाकावरील विहिणी अशा मोकळ्या गळ्याने बोलत होत्या, की त्यांचा निरुपाय झाला. एकीच्या लेकीने इस्लाम स्वीकारला होता आणि शुक्रवारी दुसरीच्या मुलाशी तिचा निकाह होता.

"जुबेदाबाई, एकच इचारतो. पोरीचं नाव काय ठेवून राह्यल्या?"

"ठेवाचं कायले? आहे न निशिगंधा!"

"म्हंजे बदलवत नाही?"

"मीच मौलानाले पुसलं. ते म्हणे, नाव जर एखाद्या देवाचं असतं, नाहीतर अर्थ वंगाळ असता, त बदलवा लागलं असतं. फुलाच्या नावाले काहून हात लावता?"

"अन् तिच्या बापाचं नाव?"

"ते त निकाहानंही बदलत नाही आमच्यात. बाप तो बापच. निशिगंधा मारोतराव, मरेपर्यंत."

"बाप मुसलमान नसला तरी?"

"तरीबी."

"अवं माय! ते त धड जेवतबी नाहीत. म्हणते, पोरगी गेली, संगं माह्यं नावबी पुसून गेली."

"मंग लावा न फोन. म्हणा, पोटभर जेवा आता."

"लावतोच. मले वाटलं, लगन म्हटलं की बाईचं नाव जातेच. माह्यं त मांडवातच गेलं. ताटातल्या तांदळात अंगठीनं 'प्रतिभा' लिवलं, झाली मी प्रतिभा."

"हाव का! पह्यलचं काय होतं?"

"वेणू. इतक्या वर्षांत कोणी इचारलंच नाही."

"चला मंग वेणूबाई, गाडी लागली."