तिच्या हसण्याचं काय करायचं

—नाही, ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. इथं बस, माझ्याजवळ. दुभाषी म्हणून आजच आलीस ना? मग एवढं लक्षात ठेव, बाकीचं तुला ते शिकवतीलच. समोरच्याच्या तोंडून आलेला शब्द तेवढा साहेबांना द्यायचा. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, आणि चेहऱ्याचं भाषांतर तर अजिबात करायचं नाही. चेहऱ्याचं म्हणजे काय? सांगते की—सकाळी आत एक बाई होती, कपडे शिवणारी, आपल्याच देशातली, इथं राहायची परवानगी मागायला आलेली. साहेबांनी विचारलं, घर कसं जळलं? तिनं सगळं सांगितलं—शेजाऱ्यांनी बाहेरून कडी लावली, मी मशीनवर चढून खिडकीतून उडी मारली, नवऱ्याचा पाय अधू, तो आतच राहिला—आणि सांगताना हसत होती. आपण हसतो ना, तशी. तुला काय सांगायचं? मार खाल्ला तरी मोठ्यांसमोर रडायचं नाही, खाली बघून हसायचं, हे तुझ्याही आईनं शिकवलंच असेल. लाज वाटली की हसायचं, भीती वाटली की हसायचं. आणि साहेब म्हणाले, बाईंना गंमत वाटतेय. नवरा जळाल्याची गंमत.

मी? मी बसले मिठाची गुळणी धरून. नियम आहे ना. नाही—नियमाचं सोड, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. साहेबांनी पेन खाली ठेवून मला सरळ विचारलं, तुमच्याकडे असंच हसतात का हो? अगदी ताटात वाढून दिलं होतं मला. आणि मी म्हणाले, कल्पना नाही साहेब, मी आता इथलीच. इथलीच म्हणे. गाल आतून चावत, आरशासमोर उभं राहून हे तोंड सरळ ठेवायला शिकलेय मी—आणि माझा नागरिकत्वाचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडलाय. साहेब खूश. म्हणाले, तुम्ही कशा छान मिसळून गेलात बघा. शिसारी आली मला. त्यांची आली, लगेच 'धन्यवाद' म्हणणाऱ्या माझ्या जिभेची आली—आणि खरं सांगू, त्या बाईचीही आली. काय बिघडलं असतं चार टिपं गाळली असती तर? त्यांना तेवढंच तर हवं असतं.

आता जेवणानंतर तिला परत बोलावलंय. राहायचं की परत जायचं, ते तेव्हाच ठरणार. मी डोकं दुखतंय म्हणून कळवलंय, माझ्या जागी तुला पाठवतायत. म्हणून तर तुला इथं बसवून घेतलं—तुझं अजून या इमारतीत काही अडकलेलं नाही. एवढंच बोल, साहेब, ही हसत नाहीये, आमच्याकडे घाबरलेलं माणूस असं दिसतं. फार तर काय होईल, ओरडतील, उद्यापासून येऊ नका म्हणतील. बोलशील ना? तिला परत पाठवलं तर तिथं खिडकीसुद्धा उरलेली नाही गं. बोल की. खाली काय बघतेस—

हसतेस.

बरं. म्हणजे नाही. कळलं मला. जा, आत हाक मारतायत तुला.